दुसरी शिंक

"मग, शनिवार लिहू?" नोंदणीच्या टेबलामागून रख्शंदे खानमनं वहीवर पेन टेकवलं.

सूदाबेनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं. दोन वर्षं घोळवून घोळवून हे 'हो' एकदाचं ओठांवर आलं होतं… आणि नेमकं तेव्हाच कोपऱ्यातून कुणीतरी सणसणीत शिंकलं.

एकदाच.

दवाखान्यातली सगळी माणसं गप्प झाली. गळ्यात हात बांधलेले, कुबड्या टेकलेले, कमरेला पट्टा आवळलेले, सगळे दुसऱ्या शिंकेची वाट बघू लागले. एक शिंक आली की हातातलं काम जागच्या जागी ठेवायचं. लागोपाठ दुसरी आली तर मात्र बिनघोर पुढे व्हायचं, हे इराणातल्या या रश्तमध्ये दूधपित्या पोरालाही कळतं. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. दुसरी शिंक काही आली नाही.

"सबूर आला," एक म्हातारा म्हणाला.

"आला," म्हणत रख्शंदे खानमनं पेनाला टोपण लावलं. "पुढच्या सोमवारी या, खानम. डॉक्टरांच्या हाताला यश आहे, पण सबूर डावलून मी ऑपरेशनची तारीख लिहायची नाही."

सूदाबे वळली. कोपऱ्यात तिशीचा एक माणूस रुमालात नाक खुपसून बसला होता. जाड भुवया, पावसानं भिजलेले केस, लालबुंद झालेले कान, आणि मांडीवर कुणा म्हातारीची काळी पर्स.

"माफ करा, खानम. माझ्या हातात नव्हतं."

"नाकात तरी होतं ना? मग आणखी एक काढा."

"आत्ता?"

"मला 'हो' म्हणायला दोन वर्षं लागली. तुमच्याकडून एक शिंक होत नाही?"

त्यानं मनापासून प्रयत्न केला. ट्यूबलाइटकडे बघितलं, नाक ओढलं, डोळे मिटले. अख्खा दवाखाना पुढे झुकला. पण नाही म्हणजे नाही. शेवटी तोच हसला आणि म्हणाला, "सोमवारपर्यंत सराव करून येतो."

सूदाबेलाही हसू आलं. ते तिनं ओढणी सावरण्यात लपवलं आणि ती बाहेर पडली.

घरी पोचेपर्यंत मात्र हसू ओसरलं आणि संशय आला. सोमवारपर्यंत? हा कशाला येणार सोमवारी?

संशय हा सूदाबेचा स्वभाव होताच, शिवाय तो तिचा धंदाही होता. एका मोठ्या व्यापाऱ्याच्या गोदामात ती तांदूळ तपासायची. बाकीच्या बायका शितावरून भाताची परीक्षा करतात. ही कच्चा दाणा तळहातावर घेऊन, श्वासानं ऊब देऊन, नुसत्या वासावर सांगायची, की या पोत्यात उंची तांदळात हलका किती मिसळलाय. रश्तच्या बाजारात तिच्या नाकाचा धाक होता. पायही तिनं संशयापायीच मोडून घेतला होता. एका व्यापाऱ्यानं थप्पीतलं सगळ्यात वरचं पोतं 'त्याला काय बघायचं' म्हणून टाळलं, आणि ही वर चढली. पडताना तिच्या मुठीत त्या पोत्यातले दाणे होते. अर्धे हलके निघाले. पाय मोडला त्याचं तिला दुःख झालं, पण संशय खरा ठरल्याचं समाधान त्याहून किंचित जास्त होतं.

तेव्हापासून डाव्या नडगीत एक पट्टी, सात स्क्रू आणि घोट्यात दोन पिना होत्या. हाड केव्हाच जुळलं होतं. डॉक्टर म्हणायचे, "काढलं तरी चालेल, ठेवलं तरी चालेल, खानम. तुमची मर्जी." डॉक्टरांनी असं म्हटलं की माणसानं करायचं काय? काढायचं तर पुन्हा भूल, पुन्हा टाके, काही आठवडे कुबडी, आणि भोकं भरेपर्यंत हाड जपणं. ठेवायचं तर रश्तची ओल हाडात उतरायची, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला एका पिनेचं टोक कातडीखाली खड्यासारखं लागायचं. आई म्हणायची, "काढून टाक. पायात लोखंड असलेली पोरगी कोण करेल?" मावशीनं कुराण उघडून कौल मागवला, तर तो 'मध्यम' आला. म्हणजे तोही डॉक्टरांसारखाच.

दुसऱ्या सोमवारी तो खरंच हजर होता.

"आईचं मनगट," तो घाईनं म्हणाला. आत एक्स-रे चालू होता म्हणे. "मी फरामर्झ. मासूलेचा. लोकरीचं दुकान आहे आमचं… मोजे, बाहुल्या."

"मी विचारलं नव्हतं."

"तुम्ही बघत होता तसं. पोलीस बघतात तसं."

ती शेजारी बसली. दुसरी खुर्ची रिकामी नव्हती असं तिनं स्वतःला सांगितलं. त्यानं थर्मासमधून चहा ओतला आणि साखरेचा खडा पुढे केला. मग हळूच विचारू लागला. पाय केव्हा दुखतो? चढताना की उतरताना? घरी जिने किती? मधे थांबावं लागतं का?

"तुम्ही मोजे विकता की विमा?"

"नुसतं विचारलं."

"नुसतं कुणी जिने मोजत नाही, आगा फरामर्झ."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. मग खिशातून त्यानं रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं. मऊ राखाडी मोजे होते. सूदाबेनं रिवाजाप्रमाणे दोनदा नको म्हटलं, त्यानं रिवाजाप्रमाणे तीनदा आग्रह केला, आणि पुडी तिच्या पर्समध्ये गेली. तेवढ्यात रख्शंदे खानमनं हाक मारली. "सूदाबे खानम! काय ठरलं? शनिवार?"

"शनि–"

"आऽऽछी!"

सगळ्या माना वळल्या. फरामर्झ बाही नाकाला लावून जमिनीकडे बघत होता. रख्शंदे खानमनं पेन ठेवलं. "मी नोकरी करते बाई, नशिबाशी भांडत नाही. पुढचा सोमवार."

"तुमची शिंक पगारी आहे का?" सूदाबेनं खालच्या आवाजात विचारलं.

"फुकट आहे, खानम. तुमच्यापुढे तिची काय किंमत!"

त्याच्या आवाजात गंमत होती, पण डोळ्यांत नव्हती. तिथे काहीतरी दुसरंच होतं… भीतीसारखं. सूदाबेला ते उमजलं नाही, आणि न उमजलेली गोष्ट तिला रात्रभर झोपू देत नसे.

घरी तिनं मोजे पायात चढवले. उजवा साधा होता. डाव्याला घोट्याच्या आतल्या बाजूला शिवणच नव्हती. तेवढ्या जागी लोकर दुहेरी आणि मऊ विणलेली. बरोबर पिनेवर. तिच्या अंगावर काटा आला. ह्याला कसं कळलं? मग तिचं तिलाच दिसलं, की तिचा हात बोलता बोलता सारखा तिथेच जात होता, आणि त्यानं ते बघितलं होतं. दोन वर्षांत हे कुणी बघितलं नव्हतं. आईनंही नाही.

ती त्या मोज्याकडे बराच वेळ बघत बसली. मग स्वभावावर गेली आणि रुमाल नाकाशी नेला.

काळी मिरी. ताजी कुटलेली.

"लोकरीला कसर लागू नये म्हणून घालतात मिरी," आई म्हणाली. "तुला मेलं प्रत्येकात काळंबेरं दिसतं."

कदाचित आईचं खरं होतं. सूदाबेनं दोन दिवस तसं मानूनही बघितलं. त्या दोन दिवसांत तिनं गोदामात एक पोतं न बघताच पास केलं, आणि मालक तिला बरं नाही की काय म्हणून विचारून गेला.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या सफरअली रोटीवाल्यानं तिच्या हातात गरम रोटी ठेवली आणि डोळे मिचकावले. "अभिनंदन करायचं का, पोरी? चौकशीला माणूस येऊन गेला."

"कसली चौकशी?"

"लग्नाची, आणखी कसली? सभ्य होता. जाड भुवया. पोरगी कशी, घराणं कसं, आणि मुख्य म्हणजे पाय कसा. संध्याकाळी लंगडते का? जिना चढून दम लागतो का? मी म्हटलं, पोरगी बावनकशी, फक्त रोटी उलटून पालटून बघते."

रोटीचा चटका बसला तेव्हा कुठे ती भानावर आली.

चौकशी कोण करतं? मुलाचा मामा, काका, दोस्त. मुलगा कधीच नाही. स्वतःच्या लग्नाची चौकशी करत गल्लीत कोणी हिंडत नाही, लोक तोंडात शेण घालतील. म्हणजे फरामर्झ दुसऱ्या कुणासाठी आला होता. कुणीतरी मावसभाऊ असेल, किंवा बाहेरदेशी बसलेला एखादा श्रीमंत. आणि ह्याला पाठवलं होतं माल बघायला. चहा, साखर, मोजे… सगळा नमुना तपासण्याचा प्रकार. तिनं आयुष्यभर पोत्यांना केलं तेच कुणीतरी तिला केलं होतं. आणि शिंका? लोखंडासकट पाय चालतो का, ते बघून होईपर्यंत तारीख लांबवायची, दुसरं काय!

तिला राग आला. रागाच्या तळाशी रडू होतं, ते तिनं वर येऊ दिलं नाही. मोजे आवडले होते. मोजे देणारा त्याहून आवडला होता. फसगत झाली ती तिथेच.

शुक्रवारी ती फूमनमार्गे मासूलेला निघाली. गोदामावर ती नेहमी न सांगताच धाड घालायची. सांगून गेलं की पोती बदललेली असतात.

मासूलेत गाडी गावाबाहेरच सोडावी लागते. पुढे नुसते जिने. एकाचं छप्पर ते वरच्याचं अंगण, आणि अंगणातून पुन्हा जिना. धुकं खाली उतरलं होतं, पायऱ्या ओल्या होत्या. सूदाबे मोजत चढली. साठाव्या पायरीला पिन बोलू लागली, नव्वदाव्या पायरीला ओरडू लागली. एकशेअठराव्या पायरीला लोकरीचं दुकान आलं.

फरामर्झ लोकरीच्या ढिगात बसून पिंजत होता. हवेत तंतू तरंगत होते, त्याच्या भुवयांवर, मिशीवर, सगळीकडे लोकर. सूदाबे उंबऱ्यात गुपचूप उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. तो एकदाही शिंकला नाही.

"इथे नाक बरं असतं वाटतं," ती म्हणाली.

त्याच्या हातातून पिंजणी पडली.

"सूदाबे खानम… तुम्ही… एवढ्या पायऱ्या…"

"एकशेअठरा. लिहून घ्या. दम लागला, दोनदा थांबले, लंगडतेही आहे. ज्यानं तुम्हाला पाठवलं त्याला कळवा. आणि हेही सांगा, की मिरीचा वास मला चार हातांवरून येतो."

तो उठून उभा राहिला. पिंजऱ्यात सापडल्यासारखा चेहरा. "कुणी नाही पाठवलं."

"मग चौकशी कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"स्वतःची चौकशी कुणी स्वतः करतं?"

"ज्याला काका-मामा नाहीत, तो करतो. आई गेली असती, तर तिच्या मनगटाला प्लास्टर. मग मीच गेलो. रोटीवाल्यानं तोंडभर मुबारक म्हटलं, पण 'मुलगा काय करतो' म्हणून मलाच विचारलं. मी म्हटलं, बरा आहे… थोडा वेंधळा आहे."

सूदाबेला हसायचं नव्हतं. ती हसलीही नाही, पण त्यासाठी तिला दाराची चौकट धरावी लागली. तेव्हा तिचं लक्ष दुकानाबाजूच्या जिन्याकडे गेलं. वरच्या घरापर्यंत नवाकोरा लाकडी कठडा बसवला होता. रंध्याचा भुसा अजून पायऱ्यांच्या कोपऱ्यात होता.

"हा कशाला?"

"आईसाठी. ती इथेच घसरली होती ना."

"तुमची आई बुटकी आहे. दवाखान्यात बघितली मी, माझ्या खांद्याला लागते." सूदाबेनं कठड्यावर हात ठेवला. हात अगदी सरळ, आरामात बसला. "आणि हा माझ्या कमरेला येतो. चढताना डाव्या बाजूला. माझा पाय डावा."

फरामर्झनं मान खाली घातली. त्याचे कान बोलत होते.

"आली का ती?" वरच्या खिडकीतून त्याच्या आईचा, तूबा खानमचा आवाज आला. "आली असेल तर वर आण तिला, फरामर्झ. धुक्यात उभी करून ठेवतोस का पोरीला? आणि सांगून टाक एकदाचं ते मिरीचं. मला रोज मिरी कुटायला लावलीस, एका हातानं."

"आई!"

"सांगा," सूदाबे पायरीवर बसली. तिचा हात घोट्यावर गेला. तिनं तो काढून घेतला नाही.

तो दोन पायऱ्या खाली बसला.

"पहिली शिंक खरी होती. दुसरी… तुम्ही म्हणता तशी. तारीख लिहिली की तुम्ही सोमवारी येणार नव्हता, हे एक."

"आणि दुसरं?"

"तीन वर्षांपूर्वी माझे बाबा असेच तारीख घेऊन आले. लहानसंच ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले, करा किंवा करू नका, घाई नाही. बाबा म्हणाले, उरकून टाकू. भूल दिली… आणि ते त्यातून उठलेच नाहीत. कुणाची चूक नव्हती." तो लोकरीचा एक तंतू बोटाभोवती गुंडाळत राहिला. "त्या दिवशी मी शेजारी बसलो होतो. कुणीही शिंकलं नव्हतं, सूदाबे खानम. कुणीच नाही."

धुकं जिन्यावरून खाली सरकत होतं. एवढे दिवस सूदाबे ज्याचा वास घेत होती, ते हे होतं. ह्यात भेसळ नव्हती.

"कुणी शिंकलं असतं, तर थांबले असते ते?"

तो विचार करून म्हणाला, "नाही. हट्टी होते."

"मीही आहे. आणि पाय माझा आहे. तुमच्या भीतीनं तो माझ्या नकळत एक अख्खा आठवडा अडवून ठेवला. हे मला आवडलं नाही, आगा फरामर्झ."

"आवडूच नये."

"मोजे आवडले."

त्यानं वर बघितलं. तिनं मान फिरवली.

वर तूबा खानमनं चहा दिला, लसूण घातलेली वांगी आणि गरम रोटी वाढली. तिनं सूनबिन काही शब्द काढला नाही, फक्त जाताना सूदाबेचा हात कठड्यावर कसा पडतो ते दारातून बारकाईनं बघितलं. उतरताना प्रत्येक पायरीला पिन टोचत होती. फरामर्झ एक पायरी पुढे, हात न लावता, पण ती घसरली तर आधी त्याच्यावर पडेल एवढ्या अंतरानं चालत होता. गाडीपाशी आल्यावर सूदाबे म्हणाली, "दिसलेला खडा ताटात ठेवून जेवणारी मी नव्हे. सोमवारी तारीख घेणार आहे. तुम्ही या. पण मिरी घरी ठेवून."

सोमवारी पाऊस धो धो कोसळत होता. फरामर्झ आला तेव्हा त्याच्या पायाखाली पाण्याचं थारोळं साचत होतं. आल्याबरोबर त्यानं दोन्ही खिसे उलटे करून तिला दाखवले. आज आई बरोबर नव्हती. दवाखान्यात गेल्या वेळचीच बरीच मंडळी होती. आणि त्याला बघताच ती एकमेकांना कोपरानं ढोसू लागली.

"काय ठरलं?" रख्शंदे खानमनं विचारलं, पण तिचा एक डोळा फरामर्झवर होता.

"लोखंड काढायचं. शनिवार लिहा."

पेन कागदाशी गेलं. आणि फरामर्झचा चेहरा बदलला. त्यानं नाक चिमटीत धरलं, श्वास कोंडला, डोळ्यांत पाणी आलं, भिजलेले खांदे थरथरले…

शिंक आलीच. एकदाच.

"सबूर," कुणीतरी पुटपुटलं.

"रुमाल बघू," सूदाबे म्हणाली. त्यानं दिला. तिनं हुंगला. ओल्या सुताशिवाय कसलाही वास नव्हता.

"खरी होती," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "शपथ, मी… सूदाबे, खरी होती ही. आज नको. पुढच्या आठवड्यात घे, कधीही घे, पण आज नको."

तिला पहिल्यांदाच त्यानं नुसतं सूदाबे म्हटलं होतं. एरवी तिनं त्यावरही संशय घेतला असता. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिलाही भीती वाटत होती. सबूर तिच्याही हाडात मुरलेला होता, पिनेपेक्षा खोल. मागे फिरणं सोपं होतं. मग पुढचा सोमवार, त्याच्या पुढचा, आणि एकशेअठरा पायऱ्या प्रत्येक वेळी टोचत राहणार. जिना आता तिचा होता, हे तिला तिथे उभ्या उभ्या लख्ख कळलं.

तिनं ओढणीचं टोक नाकाला लावलं.

"आक्‌छी."

अख्ख्या रश्तमध्ये एवढी वाईट खोटी शिंक कुणी ऐकली नसेल. एक कुबडीवाला खुदकन हसला.

"दोन झाल्या," सूदाबे म्हणाली. "लिहा."

"असं कसं, खानम?" रख्शंदे खानमनं भुवया चढवल्या. "दोन्ही एकाच माणसाच्या लागतात."

"एकाच घरातल्या असल्या तरी चालतात."

पेन हवेतच थांबलं. फरामर्झला समजायला जरा वेळ लागला. वेंधळा होताच तो. मग लाली कानांपासून सुरू होऊन गळ्यापर्यंत उतरली. म्हातारा "मुबारक, मुबारक" म्हणत टाळ्या वाजवू लागला, आणि कमरेला पट्टा लावलेल्या बाईनं जागेवरूनच लग्नघरातल्यासारखी आनंदाची किलकारी दिली.

रख्शंदे खानमनं 'शनिवार' लिहिलं. मग अर्जाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "वॉर्डात सोबत कोण?"

"आई."

"आणि बाहेर?"

"बाहेरच्याचं नाव लिहायची पद्धत आहे?"

"नाही. पण लिहून ठेवते. हा मनुष्य आत शिंकत यायला नको."

सूदाबेनं रुमाल त्याच्या हातात परत ठेवला, आणि बोटं लगेच काढून घेतली नाहीत. "बाहेरच बसायचं, फरामर्झ," ती म्हणाली. "मी उठले की पहिला तू दिसला पाहिजेस. आणि मी उठणार आहे."

"उठशील," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अजून भीती होती, आणि ती त्यानं लपवली नाही.